संगणक वारंवार बंद का पडतो? : यंत्रदोष ओळखण्याची रीत

शिवणयंत्राची सुई मोडली किंवा सायकलची साखळी उतरली, तर दोष डोळ्यांना दिसतो. संगणकाचे तसे नाही. पडद्यावरील चित्र एकाएकी गोठते, निळ्या वा काळ्या पार्श्वभूमीवर एखादा अगम्य संदेश उमटतो, किंवा काहीही न सांगता यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. बाहेरून पाहावे तर सर्व भाग जेथल्या तेथे असतात. असा प्रकार एखाद्या वेळी घडला तर त्याकडे दुर्लक्ष करता येते. परंतु आठवड्यातून दोन-तीनदा घडू लागला, की त्या यंत्रावर विसंबून असलेले सर्व काम धोक्यात येते. ग्रंथालयाची नोंदवही, दवाखान्यातील रुग्णांची माहिती, सहकारी संस्थेचे हिशेब या गोष्टी आज संगणकातच असतात.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, मदरबोर्ड बदला. दुसरा म्हणतो, सर्व काही पुसून नव्याने भरा. पहिल्या उपायाला पैसा लागतो आणि दुसऱ्यात वर्षानुवर्षांची माहिती नाहीशी होण्याची भीती असते. निदान न करता दिलेली औषधे म्हणून दोन्ही सारखीच अविश्वसनीय होत. तेव्हा खरा प्रश्न असा की, दोष यंत्राच्या भागांत आहे, की त्याला दिलेल्या आज्ञांमध्ये? संगणकाच्या परिभाषेत पहिल्यास हार्डवेअर व दुसऱ्यास सॉफ्टवेअर म्हणतात. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. थोडी चिकाटी आणि विचारांची शिस्त असली म्हणजे पुरे.

एक लक्षण, दोन कारणे

संगणकाचा प्रोसेसर स्मृतीत साठवलेल्या आज्ञा एकामागून एक वाचतो आणि पार पाडतो. या आज्ञा शून्य आणि एक या दोनच अंकांच्या लांबलचक माळा असतात. आज्ञा लिहिणाऱ्याने चूक केली असेल, तर प्रोसेसर एखाद्या अशक्य ठिकाणी जाऊन पोहोचतो : जेथे काहीच साठवलेले नाही तेथून काही वाचू पाहतो. परंतु आज्ञा अचूक असून साठवणीत एका ठिकाणी शून्याचा एक झाला, तरी परिणाम तोच होतो. दोन्ही प्रसंगी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे त्याची मूळ कार्यप्रणाली, स्वतःहून काम थांबवते. कारण पुढे जाऊ दिल्यास चुकीची माहिती तबकडीवर लिहिली जाण्याचा संभव असतो. म्हणजे संगणकाचे असे बंद पडणे हा पुष्कळदा संरक्षणाचा उपाय असतो. मूळ रोग त्याच्या मागे दडलेला असतो.

इतिहासातील काही धडे

आरंभीच्या काळात संशयाची सुई प्रथम यंत्राकडेच वळत असे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आलेला 'एनिॲक' हा संगणक सुमारे १८,००० निर्वात नलिकांवर चालत असे. त्यांपैकी एखादी निकामी होणे ही नेहमीचीच बाब होती. दोषाविना तो सलग चालण्याचा विक्रम ११६ तासांचा, आणि तोही १९५४ मध्ये झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हाही निर्वात नलिकांच्याच पिढीतला. पुढे ट्रान्झिस्टर व त्यामागून एकात्मित मंडले आली, आणि यंत्राचे भाग इतके भरवशाचे झाले की दोषाचे पारडे आज्ञावल्यांकडे झुकले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे नमूद केले आहे की, विंडोज एक्सपी या प्रणालीच्या नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड 'ड्रायव्हर' नावाच्या छोट्या आज्ञावल्यांमुळे होत. छापाई-यंत्र, पडदा यांसारख्या उपकरणांशी संगणकाचा संवाद घडवून आणण्याचे काम या आज्ञावल्या करतात.

परंतु यावरून यंत्र निर्दोषच असते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९७८ मध्ये इंटेल कंपनीतील टिमोथी मे व मरे वुड्स या संशोधकांनी दाखवून दिले की, स्मृतीच्या चकतीवरील वेष्टणात किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश असला, तरी त्यातून निघणारे अल्फा कण साठवलेला अंक उलटवू शकतात. अशा चुका यंत्राने स्वतःच ओळखून दुरुस्त कराव्यात, यासाठीची गणिती योजना बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच प्रसिद्ध केली होती. मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकांत तिच्यावर आधारलेली स्मृती वापरतात. घरगुती संगणकांत मात्र ती बहुधा नसते.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून एक अत्यंत उपयुक्त गोष्ट सिद्ध केली. आठ महिन्यांच्या अवधीत किमान तीस दिवस काम केलेल्या संगणकांपैकी, प्रोसेसरच्या दोषामुळे एकदा बंद पडण्याचा संभव सुमारे १९० मध्ये एक इतका होता. पण एकदा बंद पडलेला संगणक त्याच कारणाने पुन्हा बंद पडण्याचा संभव जवळजवळ तिनात एक इतका वाढला. याचा अर्थ स्पष्ट आहे : यंत्रदोषाची पहिली खूण दिसली की दुसरीची वाट पाहत बसू नये.

पहिली पायरी : माहितीचे रक्षण

निदानाला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या सर्व माहितीची एक प्रत दुसऱ्या तबकडीवर किंवा दुसऱ्या संगणकात करून ठेवावी. दोष साठवणीच्या तबकडीतच असेल, तर प्रत्येक चाचणीगणिक ती अधिक झिजते. आधी परीक्षा आणि मग प्रत, हा क्रम अनेकांना महागात पडला आहे.

दुसरी पायरी : नोंदवही

यानंतर एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम व पडद्यावरील संदेश त्यात जसाच्या तसा लिहावा. संगणक सुरू होऊन किती वेळ झाला होता, खोलीत उकाडा होता काय, नुकतीच वीज जाऊन आली होती काय, हेही लिहावे. शिवाय बिघाड सुरू होण्यापूर्वी शेवटचा बदल कोणता झाला, हे आठवून पाहावे. नवी आज्ञावली, नवा ड्रायव्हर, नवी रॅमची पट्टी किंवा यंत्राची केवळ जागा बदलणे, यांपैकी काही घडले असेल, तर शोधाचा आरंभ तेथूनच करावा.

प्रणाली स्वतःही अशा नोंदी ठेवत असते. विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये त्या पाहता येतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद पाहून पुष्कळ जण वीजपुरवठ्याचा भाग बदलतात. वस्तुतः तिचा अर्थ एवढाच की, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही. याउलट 'व्हीया-लॉगर' या नावाची नोंद अधिक गंभीर समजावी, कारण यंत्रभागांनी स्वतः कळवलेल्या चुका तिच्यात असतात.

आठ-दहा बिघाडांची नोंद झाली, की तिच्यात काही सूत्र आहे काय ते पाहावे. दर वेळी तोच संदेश, त्याच आज्ञावलीचे नाव आणि तेच काम असेल, तर दोष बहुधा आज्ञावलीत असतो. कारण लिहिण्यातली चूक एका जागी स्थिर असते. संदेश दर वेळी निराळे, आज्ञावल्या निराळ्या आणि प्रसंगही निराळे असतील, तर यंत्राचा संशय बळावतो. कारण स्मृतीतील सदोष घर आज एका आज्ञावलीच्या वाट्याला येते, तर उद्या दुसरीच्या. अर्थात हा नियम निरपवाद नाही. सदोष ड्रायव्हरही अनेक रूपांनी प्रकट होऊ शकतो. म्हणून या सूत्राने फक्त दिशा ठरवावी, निकाल देऊ नये.

तिसरी पायरी : चाचण्या

निकालाकडे नेणारी सर्वांत सोपी चाचणी म्हणजे प्रणालीच बदलून पाहणे. लिनक्ससारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते. मूळ तबकडीला हात लावावा लागत नाही. तिच्यावर काही तास नेहमीइतकेच जड काम चालवावे. संगणक तेथेही बंद पडला, तर मूळ प्रणाली बहुतांशी निर्दोष ठरते आणि यंत्राकडे बोट दाखवता येते. बंद पडला नाही, तर मात्र यंत्र निर्दोष ठरत नाही. कदाचित दोषाला अजून संधी मिळाली नसेल.

यानंतर यंत्राचे भाग क्रमाने तपासावेत. स्मृतीसाठी 'मेमटेस्ट ८६' यासारखी आज्ञावली रात्रभर चालू ठेवावी. ती स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकृत्या लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. येथे एकही चूक क्षम्य नाही. चूक आढळल्यास रॅमची एकेक पट्टी एकटी बसवून पुन्हा तपासावी, आणि नंतर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहावी. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी सदोष. खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्ड संशयास्पद.

उष्णतेचे लक्षण वेगळे असते : यंत्र थंड असताना नीट चालते आणि जड काम सुरू झाल्यावर काही वेळाने बंद पडते. आधुनिक प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आपली गती कमी करतो, आणि तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद पाडतो. आपल्याकडील धुळीत पंख्याच्या पात्यांवर व धातूच्या पन्हाळींत काही महिन्यांतच थर साचतो. तो काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय असल्याने तो आधी करावा.

संदेश न उमटता दिवा विझावा तसे यंत्र विझत असेल, तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. सैल खटका, सदोष अर्थिंग व वरखाली होणारा विद्युतदाब ही कारणे आपल्या देशात सर्वत्र आढळतात. म्हणून तेच यंत्र दुसऱ्या घरात किंवा चांगल्या यूपीएसवर चालवून पाहावे. संगणकातील पॉवर सप्लायची पेटी मात्र स्वतः कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटर काही काळ धोकादायक विद्युतभार धरून ठेवतात. तिच्या जागी चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी पेटी लावून पाहणे, हाच मार्ग. तबकडीबाबत तिच्यातील 'स्मार्ट' नावाची स्वनोंद वाचावी. निकामी झाल्याने बदललेल्या घरांची संख्या वाढत असेल, तर तबकडी निवृत्त करण्याची वेळ आली, असे समजावे.

या सर्व चाचण्यांत एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच बदल. दोन भाग एकदम बदलले आणि यंत्र सुधारले, तर दोषी कोण हे कधीच कळत नाही, आणि निर्दोष भागाचा खर्च मात्र करावा लागतो.

एका वर्षातील दोन उदाहरणे

२०२४ हे वर्ष या दृष्टीने बोधप्रद ठरले. १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची एक सदोष फाइल जगभर वितरित झाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची व निरनिराळ्या वयांची होती. वेळ आणि दोष मात्र एकच. यंत्रदोष असा एकाच घटकेला सर्वत्र उद्भवत नाही.

त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांबाबत तक्रारी वाढल्या होत्या. वेगवेगळे खेळ व आज्ञावल्या अधूनमधून कोसळत; काही वेळा तर पडद्याच्या स्मृतीची जागा संपल्याचा दिशाभूल करणारा संदेश येई. वापरणाऱ्यांनी ड्रायव्हर बदलले, प्रणाली नव्याने भरल्या, तरी गुण आला नाही. अखेरीस प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब काही प्रसंगी प्रमाणाबाहेर जात असल्याचे कंपनीने मान्य केले, सुधारित अंतर्गत आज्ञा प्रसृत केल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. सुधारित आज्ञांनी पुढील हानी टळणार होती. झालेली हानी भरून येणार नव्हती. सदोष आज्ञेमुळे यंत्राचा भाग कायमचा बिघडू शकतो, हे या प्रकरणात दिसून आले. हार्डवेअर व सॉफ्टवेअर यांमधील सीमारेषा पुस्तकात जेवढी ठळक दिसते तेवढी ती प्रत्यक्षात नसते.

निर्णय

भाग बदलण्याचा निर्णय केव्हा घ्यावा? दोष स्वतंत्र प्रणालीवरही दिसला, एका विशिष्ट चाचणीत पुनःपुन्हा आढळला आणि तो भाग काढताच नाहीसा झाला, हे तिन्ही पुरावे जुळले तर शंकेला फारशी जागा राहत नाही. हमीची मुदत शिल्लक असेल, तर आपली नोंदवही विक्रेत्यापुढे ठेवावी. तारीखवार लिहिलेल्या नोंदीला तोंडी तक्रारीपेक्षा अधिक वजन असते. मुदत संपली असेल आणि दोष मदरबोर्डचा असेल, तर दुरुस्तीचा खर्च व यंत्राचे वय यांचा हिशेब करावा. रॅमची पट्टी, पंखा किंवा तबकडी बदलल्याने मात्र जुने यंत्रही पुष्कळदा आणखी काही वर्षे उत्तम सेवा देते, आणि निष्कारण टाकून दिलेल्या यंत्रांच्या ढिगात भर पडत नाही.