स्वादुपिंडातील ‘पाण्याची गाठ’ : द्रव काय सांगतो?

“डॉक्टरसाहेब, आबांना कॅन्सर तर नाही ना?” मुलाने दारातूनच विचारले. ७४ वर्षांचे आबा मूतखड्याच्या दुखण्यासाठी जळगावला सोनोग्राफी करून आले होते. खडा राहिला बाजूला, अहवालात स्वादुपिंडाची सिस्ट निघाली. सीटी स्कॅनमध्ये ती ३.२ सेंटिमीटर भरली.

वाचकहो, उतारवयात अशा पुटी अनेकदा दुसऱ्याच तपासणीत अवचित सापडतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर द्रव साचून झालेली आभासी पुटी कर्करोगाची नसते. पातळ द्रवाची सिरस पुटीही बहुधा निरुपद्रवी असते. चिकट द्रवाची म्युसिनस पुटी मात्र काही रुग्णांत पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकते. स्कॅनवरून हा भेद उमगला नाही आणि उत्तरावर उपचार अवलंबून असले, तरच द्रव काढून पाहावा. शस्त्रक्रिया मुळीच झेपणार नसेल, तर या तपासणीचा आग्रह कशाला?

आबांना नाशिकला पाठविले. तेथे भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण जठरात नेली. तिच्या टोकाशीच सोनोग्राफीची सोय असते. जठराच्या भिंतीतून बारीक सुई पुटीत घालून द्रव ओढतात. क्वचित रक्तस्राव, जंतुसंसर्ग वा स्वादुपिंडाचा दाह संभवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. त्या परस्पर बंद करू नयेत.

चार दिवसांनी अहवाल आला आणि मुलाने आबांच्या मधुमेहाच्या गोळ्या थांबविल्या. कारण अहवालात साखर २२ होती! ही साखर पुटीतील द्रवाची, रक्ताची नव्हे. द्रवातील साखर ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे म्युसिनस पुटीकडे बोट दाखविते. सीईएच्या आकड्यानेही असाच घोटाळा होतो. रक्तात तो साधारण पाचच्या आत असतो. द्रवात मात्र १९२च्या वर गेल्यास पुटी म्युसिनस असण्याची शक्यता वाढते. ही सीमारेषा २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासातून आली. आकडा मोठा म्हणजे कर्करोग झालाच, असे मात्र नव्हे. द्रवातील अमायलेज फारच कमी असेल, तर आभासी पुटीची शक्यता मावळते. पेशींची तपासणीही होते. परंतु द्रवात पेशी थोड्याच सापडतात, म्हणून ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ या ओळीवर संपूर्ण निर्धास्त होता येत नाही.

आबांची पुटी म्युसिनस निघाली. तिच्या भिंतीवर घट्ट गाठ नव्हती, स्वादुपिंडाची मुख्य नलिका फुगलेली नव्हती, कावीळ नव्हती. हृदय आधीच दुबळे. शल्यचिकित्सकांशी बोलून आम्ही शस्त्रक्रियेऐवजी दर सहा महिन्यांनी एमआरआयचा मार्ग धरला. डोळे पिवळे झाले, पाठीत भिडणारे पोटदुखीचे कळ आले, वजन विनाकारण उतरले किंवा साखर अचानक बिघडली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता या, असे मुलाला लिहून दिले आहे.

पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. जुन्या स्कॅनच्या सीडी आता एकाच पिशवीत असतात आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. आबांनी भरिताचे विचारले. मनाई केली नाही, तेल तेवढे बेताचे ठेवायला सांगितले.