लेझीम कुणी खेळायची?

२२ जानेवारी २०२५ ला ‘छावा’ चित्रपटाचा ट्रेलर आला. त्यात विकी कौशलने साकारलेले छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि तीन-चार दिवसांत वातावरण तापलं. इतिहासाच्या जाणकारांना दाखवल्याशिवाय चित्रपट लावू नये, अशी मागणी मंत्र्यांपासून शिवप्रेमी संघटनांपर्यंत अनेकांनी केली. २७ जानेवारीला दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि ते दृश्य काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला तेव्हा त्यात लेझीम नव्हती.

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तेव्हा दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, राजे विशीतले होते, मोहीम फत्ते करून आल्यावर खेळले असतील तर बिघडलं कुठे? दुसरा म्हणत होता, छत्रपतींना नाचवायचं म्हणजे काय! मी दोन्हीकडचं वाचत होतो. मला गंमत एकाच गोष्टीची वाटली. लेझीम वाईट, असं त्या दोनशे मेसेजमध्ये कुणीही म्हणालेलं नव्हतं.

म्हणणार तरी कसं? लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि खुळखुळणाऱ्या चकत्या एवढ्या साधनावर आपण सगळे शाळेत घाम गाळून मोठे झालो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सांगली जिल्ह्यातल्या खेळाडूंनी लेझीम सादर केली होती. आणि आपल्या गुजरातेत, वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी शेकडो मुलांना एका तालात सांघिक व्यायाम करायला शिकवलं. लेझमीला इतका मान आहे. तरीही तीच लेझीम राजाच्या हातात दिसली की अपमान होतो. म्हणजे आक्षेप कलेवर नव्हता. ती कुणाच्या हातात आहे, त्यावर होता.

हे एकदा लक्षात आलं की आपल्या मिरवणुकांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. पूर्वी आक्षेपार्ह असलेलं आज कौतुकाचं झालं आहे, आणि पूर्वी हसून सोडून दिलेलं आज खटकू लागलं आहे. ‘काळ बदलला’ म्हणून सुटका होत नाही, कारण तो एकाच दिशेने बदललेला नाही.

मुलींचंच घ्या. आज डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या पट्ट्यात गणपतीत किंवा शिवजयंतीला कमरेला ढोल बांधलेली, फेटा घातलेली मुलगी दिसली की आईच आधी फोटो काढते आणि स्टेटसला टाकते. पण ज्यांनी आपल्याला वाढवलं त्या पिढीत मुलीने भर रस्त्यात ढोल वाजवणं म्हणजे घराण्याची शोभा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या शाळांच्या पथकांनी मुलींना मिरवणुकीत उतरवलं, तेव्हा कुठे हळूहळू ते नजरेला सरावलं. आमच्याकडे हे बरंच उशिरा आलं. आमच्या पथकात पहिल्या चार मुली आल्या त्या वर्षी एक ज्येष्ठ काका सरावाला येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “भाऊ, पोरी नाचतात ते ठीक आहे. पण ढोल?”

काकांचं हे वाक्य मी बरेच दिवस घोळवत होतो. कारण त्यांच्या म्हणण्यात एक मेख आहे. आपल्या खान्देशी घरांत श्रावणात कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन निघतं. बाया डोक्यावर कानबाई घेतात, रस्त्यावर फेर धरतात, फुगड्या घालतात, घामाघूम होईपर्यंत नाचतात. जळगाव-धुळ्याकडून आपले आजोबा ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेला आले तेव्हा ही प्रथाही सोबत आली. त्या नाचाला कुणी कधी बोट लावलेलं नाही, कारण तो देवीपुढचा नाच. मग बाईने रस्त्यावर येणं आपल्याला खटकत नव्हतंच. वाजवणं पुरुषाचं आणि नाचणं बाईचं, ही वाटणी मोडलेली खटकत होती. काकांची नात आता ताशा वाजवते आणि काका सरावाला पाण्याचे जग भरून ठेवतात. त्यांचं मत कधी बदललं, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

आता उलटी बाजू. आपल्या लहानपणी लग्नाच्या वरातीत बँडपुढे साडी नेसलेला पुरुष नाचायचा, आठवतं? चालीची, आवाजाची, तृतीयपंथीयांच्या टाळीची नक्कल करायचा आणि सगळी वरात पोट धरून हसायची. बाया, पोरं, म्हातारे सगळे. ते कुणाला अश्लील वाटत नव्हतं. परवा कुणीतरी मिरवणुकीसाठी तसंच सोंग सुचवलं, तेव्हा पथकातली एकोणीस-वीस वर्षांची मुलं गप्प झाली. एकाने फक्त विचारलं, “दादा, हे कशाला?” मोठ्यांना कळेचना की यात वाईट काय. याच मुलांच्या कानावर डीजेवरची काय काय गाणी पडतात ते मला माहीत आहे, त्यामुळे ती फार सोवळी आहेत असं मी म्हणणार नाही. पण कुणाच्या शरीराची टिंगल करून टाळ्या घेणं त्यांना नको वाटतं आणि आमच्या पिढीला त्यात काही वाटत नव्हतं, हा फरक खरा आहे.

याहून अवघड उदाहरण शाळेच्या प्रभातफेरीत आणि गॅदरिंगमध्ये दरवर्षी दिसतं. मुलांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचा भाला. नाव ‘आदिवासी नृत्य’. शाळेला यात अपमान दिसत नाही, उलट विविधतेचं दर्शन वाटतं. पण आपण राहतो कुठे? सुरत जिल्ह्यातले मांडवी, उमरपाडा, पलीकडे तापी जिल्हा आणि सीमेपलीकडे नंदुरबार हा सगळा भिल, गामित, वसावा, चौधरी, पावरा यांचा मुलूख. त्यांची मुलं आपल्या मुलांच्या शेजारच्या बाकावर बसतात. होळीला सातपुड्यात पुरुष स्वतः अंग रंगवून, मोरपिसांचे टोप घालून नाचतात, पण तो त्यांचा नवस असतो, त्याचे कडक नियम असतात. आणि पुठ्ठ्याचा भाला घेऊन ‘हू हू’ करणं ही त्याची नक्कलही नाही. ती जुन्या सिनेमातल्या जंगली माणसांची नक्कल आहे.

असाच प्रसंग अमेरिकेत ऐंशी वर्षं चालला. इलिनॉय विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला मार्चिंग बँड मैदानात उतरायचा आणि त्याच्यासोबत ‘चीफ इलिनिवेक’ नावाचा, मूळ अमेरिकन सरदाराचा पोशाख केलेला एक विद्यार्थी नाचायचा. १९२६ पासूनची परंपरा. तो सरदार काल्पनिक, नाचणारे जवळपास सगळे गोरे आणि पाहणारे हजारो लोक खरोखर भारावून उभे राहायचे. ‘आम्ही त्यांचा सन्मानच करतो’ हे ते मनापासून म्हणत. १९८९ च्या सुमारास शार्लीन टीटर्स नावाची स्पोकेन जमातीची विद्यार्थिनी आपल्या दोन मुलांना सामना दाखवायला घेऊन गेली. तो नाच सुरू झाला आणि मुलं खुर्चीत खाली खाली सरकू लागली. त्यानंतर ती एकटी फलक घेऊन स्टेडियमबाहेर उभी राहू लागली. लोक तिच्यावर ओरडायचे. २००० मध्ये इलिनॉय लोकांचे वंशज असलेल्या पिओरिया जमातीनेही हे थांबवा असा ठराव केला. अखेरचा नाच झाला २१ फेब्रुवारी २००७ ला. आजही त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांत असे लोक आहेत ज्यांना आपला अभिमान हिरावला गेला असं वाटतं, आणि त्यांचं दुःख खोटं नाही.

‘छावा’ आणि ‘चीफ’ शेजारी ठेवून पाहिले की मला एक भेद करता येतो. ‘छावा’च्या वेळी आपण आपल्याच राजासाठी रागावलो. आपण संख्येने मोठे आहोत, काही दिवसांतच मंत्री बोलले, पाच-सहा दिवसांत दृश्य गेलं. त्या बाईंना आणि त्यांच्या लोकांना अठरा वर्षं लागली. आक्षेप किती खरा आहे यावर तो किती लवकर ऐकला जाईल हे ठरत नाही, आक्षेप घेणारे किती आहेत यावर ठरतं. वर्गात वसावा आडनावाचा एकच मुलगा असेल तर तो कुणाला भेटायला जाणार? म्हणून मला वाटतं, आपल्याला काय लागतं याची यादी करण्याआधी आपलं कुणाला लागतं, हे पथकाने स्वतःहून पाहावं. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर बाहेर सोडण्याआधी ते नवख्या माणसाच्या हातात देऊन बघतात, तसंच.

हा प्रश्न आपल्याकडे नवाही नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या अगदी सुरुवातीच्या काळात पुण्यात ‘मेळे’ निघायचे. एकसारखा पोशाख, हातात काठ्या, पावलात पाऊल टाकत गाणी म्हणणारी पोरांची पथकं. आजच्या पथकांचे पणजोबाच म्हणा. त्यांच्या गाण्यांत देशभक्ती होती, तशी समाजसुधारकांची टवाळी आणि मुसलमानांवर टीकाही होती. १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढून मेळा वाजत गेला त्यावरून दंगल झाली. पुढे इंग्रज सरकारने मेळ्यांवर बंधनं आणली. इंग्रजांना खरी भीती स्वराज्याच्या गाण्यांची होती, हेही तितकंच खरं. आपण शाळेत या मेळ्यांचा अर्धाच भाग शिकतो.

डिंडोलीत आपली मिरवणूक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुजराती, उत्तर भारतीय, ओडिया, तेलुगू, मुसलमान असे सगळे उभे असतात. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर पाहणारा आणि वाजवणारा एकाच घरचा असतो, इथे तसं नाही. त्यामुळे इथे पथक चालवणं थोडं जास्त जोखमीचं आणि मला विचाराल तर जास्त मजेचं आहे. छठला त्यांची ढोलकी आपण ऐकतो, गणपतीत ते आपला ताशा ऐकतात.

आवाजाचा मुद्दा इथे थोडक्यात उरकतो, कारण तो कायद्याने बराच ठरवून दिलेला आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. पुण्यात एका पथकात तीसच वादक असावेत, असं हरित लवादाने ३० ऑगस्ट २०२४ ला म्हटलं आणि १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ढोल पुण्याच्या जिवाभावाचा आहे हे न्यायालयाने ओळखलं, याचा आम्हालाही आनंद झाला. पण दवाखान्यासमोर हात थांबवायला न्यायालयाची वाट कशाला पाहायची? आम्ही तिथे फक्त ध्वज नाचवत पुढे जातो. आश्चर्य म्हणजे त्या शांत शंभर पावलांचेच व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतात.

यंदाच्या मिरवणुकीसाठी पथकाची बैठक झाली तेव्हा तीन गोष्टी ठरल्या. साडीतलं सोंग बंद. आदिवासी नाच दाखवायचा असेल तर उमरपाड्याकडच्या मंडळींनाच बोलवायचं, त्यांना मानधन द्यायचं, आणि ते नाही आले तर तो दाखवायचा नाही. मुलींच्या पोशाखावर मुलींनीच बोलायचं. या तिसऱ्या ठरावाला दोन हात वर आले नाहीत, पण तो मंजूर झाला.

चौथ्या मुद्द्यावर तासभर खल झाला. दरवर्षी एक मुलगा बाल शिवाजी होऊन घोड्यावर बसतो. या वर्षीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि उत्तम लेझीम खेळतो. त्याच्या आईने विचारलं, तो मध्येच उतरून खेळला तर चालेल का? ‘छावा’ आठवून सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणालं बिलकुल नाही, कुणी म्हणालं मूलच आहे ते. शेवटी काकांनीच तोडगा काढला. पाण्याच्या टाकीपर्यंत तो घोड्यावर राहील. तिथे उतरेल, जिरेटोप आणि अंगरखा आईकडे देईल, पथकाचा पांढरा सदरा घालेल आणि मग लेझीम घेऊन पुढच्या रांगेत येईल. सदरा त्याला मोठा होतोय. बाह्या आत घ्यायला टाकला आहे.