कुंडीबाहेरचा मॉन्स्टेरा

अटलांटिक महासागरातल्या मादेइरा या पोर्तुगीज बेटावर, फुंशाल शहरात, १९४० साली उघडलेला एक बाजार आहे: मेर्कादो दुश लाव्रादोरेश, म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार. तिथल्या फळांच्या ढिगात एक चमत्कारिक वस्तू हमखास दिसते. वीतभर लांब, मक्याच्या कणसाच्या आकाराची, हिरवीगार आणि अंगभर षटकोनी खवले. ‘अननस-केळं’ अशा अर्थाच्या नावाने ती विकली जाते. पुण्या-मुंबईहून गेलेला पाहुणा ती उलटसुलट करून बघतो आणि परत ठेवतो. याच फळाचं झाड त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात सोफ्याशेजारी चार वर्षांपासून उभं असतं, याची त्याला कल्पनाही नसते.

झाड म्हणजे मॉन्स्टेरा. कापलेल्या, भोकं पडलेल्या पानांचं. ती पानं आता उशांच्या अभ्र्यांवर, कॉफीच्या मगांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवरही उगवू लागली आहेत. फ्रेंच चित्रकार मातिसच्या दक्षिण फ्रान्समधल्या स्टुडिओच्या छायाचित्रांतही मॉन्स्टेराची भलीमोठी पानं दिसतात. म्हणजे ही फॅशन इन्स्टाग्रामने आणली असं समजायचं कारण नाही.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक लीबमान १८४०च्या दशकात मेक्सिकोत हिंडला आणि परतल्यावर त्याने या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन केलं. नाव ठेवलं मॉन्स्टेरा डेलिसिओसा. पहिला शब्द बहुधा पानांच्या राक्षसी रूपावरून आला. दुसऱ्याचा अर्थ सरळ ‘चविष्ट’. नाव ठेवणाऱ्याला फळाचं महत्त्व कळलं होतं, नंतर कुंडीत लावणाऱ्यांना त्याचा विसर पडला. भारतात हे झाड १८७८ साली आलं, पण इथेही त्याची ओळख शोभेचं झाड हीच राहिली.

कुंडीतला मॉन्स्टेरा हे खरं तर कायमचं लहान मूल असतं. मूळ घरी, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात, हा एक दांडगा वेल आहे. तो मोठ्या झाडाच्या खोडाला धरून वीस मीटरपर्यंत चढतो. पानं तीन फुटांपर्यंत रुंद होतात. खोडातून दोरखंडासारखी हवाई मुळं जमिनीपर्यंत लोंबतात. मेक्सिकोत त्यांच्या टोपल्या विणत. या कुळीतल्या वेलांच्या रोपांची एक खोड तर फारच मजेशीर आहे. १९७५ साली डोनाल्ड स्ट्राँग आणि टॉमस रे यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की कोस्टा रिकातल्या एका मॉन्स्टेराची कोवळी रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटत जातात. जंगलात सर्वांत गडद सावली असते ती मोठ्या झाडाच्या बुंध्याची. बुंधा सापडला, त्याला मिठी मारली, की मग वर उजेडाच्या दिशेने प्रवास सुरू.

पानाला भोकं का, यावर बरेच तर्क आहेत. वारा आरपार जावा म्हणून, पाऊस मुळांशी पोचावा म्हणून. ख्रिस्तोफर म्युअर या संशोधकाने २०१३ साली मांडलेलं गणित जास्त पटणारं आहे. घनदाट जंगलात खाली ऊन येतं ते कवडशांच्या रूपात, क्षणात इथे तर क्षणात तिथे. तेवढ्याच ऐवजाचं पान भोकं ठेवून पसरट केलं, तर त्याच्या वाट्याला जास्त कवडसे येतात, मात्र प्रत्येकातला थोडाच भाग पदरात पडतो. वर्षाची एकूण कमाई तीच. फक्त कधी घबाड तर कधी फाके, याऐवजी दरमहा पगार. सावलीत तग धरणाऱ्याला हा पगारच परवडतो.

आता हे झाड घराबाहेर काढायचं म्हटलं, तर त्याला हवं काय? पुष्कळांना वाटतं, भरपूर ऊन आणि उष्मा. तिथेच चूक होते. मॉन्स्टेरा फुलला की फळ पिकायला जवळपास वर्षभर लागतं, कधी त्याहूनही जास्त. साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाढ थांबते, शून्याच्या आसपास पानं करपतात आणि उणे दोन-तीनला खोडही जातं. म्हणजे सलग बारा महिन्यांत एकही घातक रात्र नको. लंडनच्या उन्हाळ्यात मॉन्स्टेरा अंगणात मजेत राहतो, पण नोव्हेंबरमध्ये त्याला आत घ्यावंच लागतं. फुंशालच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या रात्रीही पारा तेरा अंशांच्या आसपास थांबतो. तिथला उन्हाळा आपल्या नागपूरकरांना हसू येईल इतका सौम्य असतो, तरी फळ मात्र तिथे धरतं.

सिडनी, ऑकलंड, लॉस एंजेलिसचा किनारा, कॅनरी बेटं या सगळ्या ठिकाणी मॉन्स्टेरा कुंपणांवरून ओसंडताना दिसतो. ऑस्ट्रेलियात तर त्याचं घरगुती नावच ‘फ्रूट सॅलडचं झाड’ असं आहे.

थोड्या थंड शहरात काय करावं, याचं सुंदर उत्तर लिस्बनमध्ये आहे. तिथल्या एदुआर्दो सातवा उद्यानात जुन्या दगडखाणीच्या खड्ड्यात ‘इश्तुफा फ्रिया’ नावाचं हरितगृह आहे. १९३३ साली ते लोकांसाठी खुलं झालं. नावाचा अर्थ ‘थंड हरितगृह’, कारण ते तापवत नाहीत. मुख्य भागाला काचही नाही. वर फक्त लाकडी पट्ट्यांचं छत. स्वच्छ आभाळाच्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतात. वर काहीतरी आडोसा असला, मग ती पट्टी असो की आंब्याची फांदी, की ही गळती कमी होते. शिवाय खाणीच्या भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात. दुपारी त्याच पट्ट्या उन्हाचा मारा अडवतात. थंडीच्या लाटेत रात्रभर बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हे तत्त्व वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून अनुभवी माळी मॉन्स्टेरा मोठ्या झाडाखाली किंवा ओसरीच्या कडेला लावतात, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं टळेल असा. घरातून थेट उन्हात नेलेलं रोप दोन दिवसांत भाजतं. पानांवर पांढुरके, मग तपकिरी चट्टे पडतात आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. पंधरा दिवस टप्प्याटप्प्याने सवय लावावी लागते. पाणी भरपूर, पण साचलेलं नको. हवाई मुळं दिसायला गबाळी वाटली तरी कापू नयेत, मातीकडे किंवा खोडाकडे वळवावीत. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड बाहेरही पाठ सोडत नाहीत. आणि घराच्या भिंतीला अगदी खेटून लावायचं असेल, तर वीस मीटर हा आकडा एकदा आठवावा.

महाराष्ट्रात कोकण, मुंबई आणि शेजारच्या गोव्यातही त्याला थंडीची भीती नाहीच. घाटावर खरा शत्रू डिसेंबर नसून एप्रिल-मे: भाजणारं ऊन आणि कोरडा वारा. दाट सावली आणि ओलावा असेल, तर पुण्यातल्या जुन्या बंगल्याच्या आवारातही तो आंब्याच्या बुंध्यावर चढतो.

बाहेर काही वर्षं मनासारखी गेली, की एक दिवस पानांच्या बेचक्यातून दुधी रंगाचं, होडीसारखं वळलेलं आवरण उघडतं आणि आत जाडसर दांडा दिसतो. मराठी माणसाला हा आकार परका वाटू नये. मॉन्स्टेरा हा अळू आणि सुरणाचा सख्ख्या कुळातला भाऊ आहे. कुळाचा वाण नाही पण गुण लागलेलाच आहे: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक. अळू खाजरा निघाला तर घसा धरतो, म्हणून आपल्या आज्या चिंच-आमसूल घातल्याशिवाय फतफतं चुलीवर ठेवत नसत. मॉन्स्टेराची पानं, देठ आणि कच्चं फळ यांच्यात हाच प्रकार आहे. घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं मूल असेल, तर पान चावलं जाणार नाही एवढं पाहावं.

फळाच्या बाबतीत मात्र चिंचेचा उपयोग नाही, तिथे फक्त थांबावं लागतं. देठाकडचे खवले सैल पडायला लागले की फळ कापून, कागदात गुंडाळून पेल्यात उभं करायचं. देठाच्या बाजूने पिकत पिकत खवले आपोआप सुटत जातात आणि आतला मलईच्या रंगाचा गर उघडा पडतो. आज दोन बोटं, उद्या आणखी दोन. जेवढं सुटलं तेवढंच खायचं. चिकटून बसलेला खवला नखाने उचकटला की घसा लगेच हिशेब मागतो. गरातले काळे ठिपकेही काढून टाकलेले बरे. चव अननस आणि केळ्याच्या मधली, थोडी फणसाकडे झुकणारी. पाच-सहा दिवस हे फळ ओट्यावर उभं असतं आणि त्याचा वास घरभर दरवळतो. मुंग्या बहुधा पहिल्याच दिवशी पोचलेल्या असतात.