दोन्ही बाजूंनी सारखी संख्या

उर्दू आपण उजवीकडून डावीकडे वाचतो, मराठी डावीकडून उजवीकडे. पण ही संख्या कोणत्याही बाजूने वाचा, ती तशीच राहते : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या कोणीतरी मुद्दाम रचली असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती एका साध्या गुणाकाराचे उत्तर आहे. नऊ वेळा १ लिहावा आणि त्या संख्येचा वर्ग करावा, म्हणजे तिला तिनेच गुणावे.

असे का होते? लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीन ओळींत मांडतो आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवतो. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात १ येतो, दशकाच्या घरात २, शतकाच्या घरात ३. पुढे पुन्हा २ आणि १. उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात हीच चढण ९ पर्यंत जाते आणि मग उतरते. कोणत्याही घरातील बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. सारी गंमत या हातच्यात आहे.

अशा संख्यांचा ध्यास घेतलेले एक शिक्षक आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीला शाळेत शिकवत होते. त्यांच्याजवळ बी.एस्सी.पुढची पदवी नव्हती आणि देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम फारसे मनावर घेतले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. वर दिलेली संख्या कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्यांपैकी आहे. डेम्लो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनचे नाव; तेच आजचे डोंबिवली. संख्येचे बारसे स्टेशनवरून!

त्यांनी दिलेले दुसरे नाव ‘हर्षद’, म्हणजे खुशी देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. उदाहरणार्थ १८ : १ + ८ = ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. आपल्या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते. १११११११११ ला ९ ने भाग जातो. (भागाकार १२३४५६७९ येतो, त्यात ८ नाही, हे पाहिलेत का?) म्हणून तिच्या वर्गाला ९ × ९, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. तेव्हा ही संख्या हर्षदही आहे. एवढी मोठी असूनही तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७.

आता दहा वेळा १ लिहून वर्ग करा. मधल्या घरात बेरीज १० होते. तेथे ० लिहून हातचा १ डावीकडच्या ९ मध्ये मिळवला, की तेथेही १० होतात. तो हातचा पुढच्या ८ चे ९ करतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उलट बाजूने वाचल्यास आता ती तीच राहत नाही. अंकांची बेरीज ८२ होते, आणि विषम संख्येला ८२ ने पूर्ण भाग जाणे शक्य नाही. एका हातच्याने हर्षदपणही गेले.