आमरीची ओळख आणि जोपासना

एप्रिलच्या मध्यास आसामात रंगाली बिहूचा उत्सव होतो. त्या वेळी नृत्य करणाऱ्या मुलींच्या अंबाड्यात फिकट जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा घोस माळलेला असतो. तेथे त्यास ‘कपौ फूल’ म्हणतात. सह्याद्रीच्या परिसरात हीच वनस्पती ‘सीतेची वेणी’ या नावाने परिचित आहे. आमरी, म्हणजेच ऑर्किड, या विशाल कुलातील ही एक जाती होय.

वृक्षाच्या फांदीवर वाढते म्हणून पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. परंतु बांडगूळ वृक्षाच्या अंगात शिरून त्याचा रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. तिची मुळे सालीवर पसरतात. त्यांवरील पांढरट, सच्छिद्र आवरण टीपकागदाप्रमाणे पावसाचे पाणी टिपून घेते.

आमरीची खरी ओळख फुलात असते. बाहेर तीन व आत तीन अशी सहा दले असतात. आतील एक दल इतरांहून निराळे असून त्यास ओष्ठ म्हणतात. कीटक बहुधा यावरच उतरतो. पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र जुळून एक स्तंभ बनलेला असतो. बहुतेक जातींत पराग सुटा नसून त्याचे पिंड असतात व ते कीटकाच्या अंगास चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातात.

फूल नसताना खोड पाहावे. सीतेची वेणी व व्हँडा यांचे एकच खोड शेंड्याकडे वाढत जाते. डेंड्रोबियममध्ये मात्र बुंध्यापासून दरवर्षी नवे, जाड खोड फुटते व त्यात पाण्याचा साठा राहतो. म्हणून अशा अनेक जातींना हिवाळ्यात पाणी कमी द्यावे लागते. व्हँडा फार काळ कोरडी ठेवून चालत नाही.

जोपासनेचे मर्म निसर्गातच सापडते. १८५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना खासी टेकड्यांत निळी व्हँडा विपुल आढळली. ती विरळ पानांच्या झाडांवर, कोरड्या सालीवर, ऊन, पाऊस व वारा झेलीत उभी होती. यावरून बोध घ्यावा, की अशा आमरीस कुंडीतील माती नको. कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे भरलेली जाळीदार टोपली, सकाळचे कोवळे ऊन आणि खेळती हवा एवढे तिला पुरते. पाणी सकाळी द्यावे. मुळे सतत ओली राहिल्यास कुजतात.

हूकर यांनी लंडनजवळील क्यू उद्यानासाठी सात माणसांची ओझी भरतील इतकी रोपे गोळा केली. त्यांपैकी फारच थोडी इंग्लंडात जिवंत पोहोचली. अशा संग्रहामुळे पुढे अनेक जाती दुर्मिळ झाल्या.

आमरीचे बीज धुळीइतके सूक्ष्म असून त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते कवकाच्या साहाय्याने रुजते, हे नोएल बर्नार यांना १८९९ मध्ये उमगले. साखर व क्षार मिसळलेल्या अगारवर ते कवकाविनाही रुजते, हे लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखविले. आज प्रयोगशाळेतील बाटल्यांत अशी असंख्य रोपे तयार होतात. तेव्हा हौशी माणसाने रोप रोपवाटिकेतूनच घ्यावे. रानातील आमरी पाहावी, तिचे चित्र काढावे, फुलण्याचा काळ टिपून ठेवावा, आणि तिला तिच्या फांदीवरच राहू द्यावे.