झटके अपस्माराचे, दोष शेजारच्या पेशीत

अपस्मार म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्‌संदेशांचा बिघाड, ही समजूत खरी असली तरी अपुरी आहे. कारण चेतापेशीत मूळ दोष नसतानाही तिच्या शेजारच्या पेशीची बांधणी बिघडल्याने झटके येऊ शकतात. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात वर्णिलेला, मुख्यतः अग्रवाल समाजात आढळणारा विकार याचे उदाहरण होय. त्यात बाळाचे डोके पहिल्या वर्षातच प्रमाणाबाहेर वाढते, चालणे हळूहळू अडखळू लागते आणि बहुतेकांना झटके येतात. एमआरआयमध्ये मेंदूचा श्वेतभाग सर्वत्र सुजलेला दिसतो. चित्र इतके भयंकर, की त्या मानाने मूल पुष्कळच बरे असल्याचे पाहून डॉक्टरही चकित होतात.

या विकाराला कारणीभूत असलेले एमएलसी१ हे जनुक २००१ साली ओळखले गेले. त्याचे प्रथिन तारापेशींत, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकाकृती पेशींत असते, आणि या पेशींचे जे पाय रक्तवाहिन्यांना बिलगलेले असतात, तेथील पेशीपटलात ते रोवलेले असते. चेतापेशी उद्दीपित झाली की पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात. ते व त्यांच्यासोबतचे पाणी शोषून घेणे, आणि मग फुगलेल्या पेशीला पूर्वस्थितीत आणणे, हे तारापेशीचे काम. प्रथिन नसेल तर पाणी साचते, पोटॅशियम रेंगाळते आणि भोवतालच्या चेतापेशी अकारण उत्तेजित होऊ लागतात.

अग्रवाल रुग्णांपैकी बहुतेकांत एकच उत्परिवर्तन सापडते: जनुकात ‘सी’ हे एक अक्षर जास्तीचे घुसलेले असते, आणि जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचले जात असल्यामुळे तेथून पुढचा सगळा मजकूर सरकतो. हा बदल कुणा एका जुन्या पूर्वजाकडून आला असावा. सगोत्र विवाह टाळल्याने जवळचे नाते टळते. परंतु विवाह समाजातच होत राहिल्याने ते जुने अक्षर मात्र समाजाबरोबर सर्वत्र जाऊ शकते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकाराची शक्यता २५ टक्के असते. बदल नेमका ठाऊक असल्याने वाहक शोधणारी चाचणी तुलनेने सोपी आहे. झटके बहुधा नेहमीच्या औषधांनी आटोक्यात येतात. किरकोळ वाटणारा डोक्याचा मार मात्र अशा मुलाची प्रकृती एकाएकी बिघडवू शकतो.