चूक मागच्या पिकअपची, की पुढच्या सळयांची?

ट्रकच्या अपघातानंतर जबाबदारी दोन वेगळ्या दारांत ठरते. चालकाला शिक्षा द्यायची की नाही, हे फौजदारी न्यायालय पाहते. भरपाई कोणी आणि किती भरायची, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. अपघात तसा घडल्याची शक्यता जास्त आहे, एवढे दिसले तरी पुरते. म्हणूनच चालक खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा उभा राहू शकतो.

१२ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी संध्याकाळी, नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर सळया भरलेल्या ट्रकवर एक पिकअप मागून आदळली. निफाडकडचा धार्मिक कार्यक्रम आटोपून तरुण तिच्यातून घरी परतत होते. किमान सहा जणांचा बळी गेला. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो : मागच्याने ब्रेक का लावला नाही? ‘मागून ठोकले त्याचीच चूक’ हा रस्त्यावरचा निवाडा आहे. कायदा तेवढ्यावर थांबत नाही आणि थांबूही नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार वाहनाच्या सांगाड्याबाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे. जादा वजनालाही तेवढाच दंड असून वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार पडतात. दंड भरला की आरटीओपुरते प्रकरण मिटते. न्यायाधिकरणापुढे मात्र तेच उल्लंघन ट्रकच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरू शकते. रस्त्यात दिव्यांविना उभ्या असलेल्या टँकरवर गाडी आदळल्याच्या अर्चित सैनी प्रकरणात उच्च न्यायालयाने निम्मा दोष गाडीचालकावर टाकला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला आणि टँकरचीच जबाबदारी कायम केली.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या रस्त्यांवर हा मुद्दा रोजचा आहे. गळीत हंगामात कादवा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. मागे वाढे लोंबत असले की फळीवरची लाल रिफ्लेक्टर पट्टी झाकली जाते आणि अंधारात ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. द्राक्षाच्या दिवसांत त्याच रस्त्यांवर कंटेनर, आयशर आणि पिकअप यांची भर पडते.

ट्रकवाल्यांच्या बाजूने कोण कोण उत्तरदायी ठरतो, याची उत्तरे बरीचशी ठरलेली आहेत. चालक कामावर असताना चूक झाली तर मालक जबाबदार. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरसी बुकावर नाव जुनेच राहिले, तर कायद्याच्या नजरेत मालक तोच. नवीन कुमार प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. सध्या हप्त्यावर गाड्या घेऊन तोंडी व्यवहाराने पुढे देणाऱ्यांची संख्या पाहता, हा निकाल प्रत्येक ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात लावून ठेवायला हवा. चालकाचा परवाना खोटा निघाला किंवा गाडीला परमिट नव्हते, तर विमा कंपनी हात वर करू पाहते. तेव्हा न्यायाधिकरणे बहुधा ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात. त्याचा पाया २००४ च्या स्वर्णसिंग निकालाचा.

खरी अडचण पिकअपमध्ये बसलेल्यांची. पेठ, सुरगाणा भागातले मजूर छाटणी, डिपिंग, थिनिंगसाठी दिंडोरीच्या बागांवर येतात. हौद्यात दाटीवाटीने उभे राहून, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने डब्याची पिशवी धरून. पिकअप ही मालवाहू गाडी. तिच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो, गाडीमालकाचा हमाल येतो. बागायतदाराच्या कामाला निघालेला मजूर मात्र आशा राणी निकालापासून (२००२) त्या संरक्षणाबाहेर आहे. गाडीमालकावर लाखोंचा हुकूमनामा झाला, तरी एका पिकअपवर पोट असणारा तो देणार कुठून? अनु भानवरा प्रकरणात (२०१९) मालवाहू गाडीतल्या प्रवाशांनाही कंपनीने आधी भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण प्रत्येक मजुराला तसा दिलासा मिळेलच, अशी हमी त्यातून मिळत नाही.

इथेच पुढच्या ट्रकच्या सळया निर्णायक ठरतात. पिकअपमधला मजूर स्वतःच्या गाडीच्या विम्याला परका असला, तरी ट्रकच्या विम्यासाठी तो त्रयस्थ पक्ष आहे आणि त्रयस्थाला पूर्ण संरक्षण आहे. मजुराची स्वतःची चूक नसताना दोन वाहनांच्या संयुक्त निष्काळजीपणामुळे अपघात झाला, तर त्याने संपूर्ण रक्कम कोणत्याही एकाकडून मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने खेनयेई प्रकरणात २०१५ मध्ये सांगितले. ट्रककडे वीस टक्के दोष निघाला, तरी सगळी भरपाई ट्रकच्या विमा कंपनीकडून मिळू शकते. उरलेला हिस्सा तिने पिकअपवाल्याकडून वसूल करायचा. मात्र ट्रकचा दोष शून्य ठरला, तर हा मार्गच बंद होतो. पिकअपच्या चालकाला ही मुभा नाही. त्याच्या दोषाच्या प्रमाणात त्याच्या वारसांची रक्कम कापली जाते.

त्यामुळे घटनास्थळाच्या पंचनाम्यातली एकेक ओळ मजुराच्या कुटुंबासाठी मोलाची आहे. सळया मागे किती फूट बाहेर होत्या, टोकाला लाल दिवा होता का, रिफ्लेक्टर कोणत्या अवस्थेत होते, ट्रक चालता होता की उभा, टायरच्या खुणा कुठून सुरू झाल्या. वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत ट्रक बाजूला घेतला आणि माल उतरवला की यातले निम्मे पुन्हा मिळत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. बिल्टी, वजनकाट्याची पावती, फिटनेस आणि विमा यांची तपासणी त्याच वेळी झाली, तर पुढची कित्येक वर्षांची ओढाताण वाचते.

रकमेचा हिशेब सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांवर चालतो. महिना बारा हजार कमावणारा ३२ वर्षांचा मजूर गेला आणि मागे चार अवलंबित आहेत, असे धरू. वर्षाचे १,४४,००० रुपये. भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १,५१,२००. या वयाच्या १६ या गुणकाने २४,१९,२०० रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा वेगळ्या. याउलट कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी मिळतात पाच लाख, आणि ते स्वीकारले की मोठा दावा संपतो. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात पुढे आलेल्या कागदावर अंगठा उमटवण्यापूर्वी वारसांना हा फरक कोणीतरी समजावून सांगणे अत्यावश्यक आहे.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात.

दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. १९९४ मध्ये काढलेले हे बंधन १ एप्रिल २०२२ पासून परत आले. त्याला आव्हान दिले गेले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही त्या आदेशावर विसंबून थांबणे धोक्याचे. ट्रक सुरतचा असो की इंदूरचा, अर्जदाराला तिथे जावे लागत नाही. अपघात झाला तिथल्या किंवा अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा दाखल करता येतो.